कोरम सेन्सिंगचा स्विच होस्टच्या आत चालवायचा कसा: फ्लास्कपासून जंताच्या आतड्यापर्यंत

बॅक्टेरियाची गर्दी पुरेशी झाली की जीन चालू करणारं कोरम सेन्सिंग सर्किट फ्लास्कमध्ये झकास चालतं, पण होस्टच्या, म्हणजे बॅक्टेरिया ज्याच्या शरीरात राहतात त्या प्राण्याच्या, आत गेलं की एकतर मुकाट बसतं नाहीतर पहिल्यापासून चालूच दिसतं, आणि दोन्ही वेळा माणूस प्लाझमिडचा (ज्या छोट्या डीएनए-कड्यावर सर्किट असतं त्याचा) सिक्वेन्स पुन्हा पुन्हा तपासत बसतो. सिक्वेन्स बहुतेक वेळा ठीकच असतो. घोळ असा आहे की आपण हा स्विच पेशींची गर्दी मोजणारा समजून डिझाइन करतो, पण तो मोजतो आजूबाजूला साठलेला सिग्नल. बंद फ्लास्कमध्ये गर्दी आणि सिग्नल जोडीनेच वाढतात म्हणून फरक कळत नाही. होस्टच्या आत सिग्नल वाहून जातो, तुटतो, कुठेतरी कोपऱ्यात अडकून साठतो, आणि मग तेवढ्याच गर्दीत एका ठिकाणी स्विच चालू आणि दुसरीकडे बंद असं होतं. हे डोक्यात ठेवून काम कुठल्या क्रमाने करायचं ते खाली लिहितोय.

आधीच सांगतो, इथे ई. कोलायची लॅबमधली निरुपद्रवी जात धरलीय, आउटपुट म्हणून फक्त रंगीत प्रोटीन, आणि होस्ट म्हणून सी. एलेगन्स हा एक मिलिमीटरचा जंत. संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीची परवानगी क्लोनिंग सुरू करायच्या आधी घ्यायची, नंतर नाही.

थोडं मागचं

१९७० मध्ये नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी दाखवलं की समुद्री बॅक्टेरिया ठराविक दाटी झाल्यावरच प्रकाश देतात. १९८३ मध्ये एंजेब्रेख्ट, नील्सन आणि सिल्व्हरमन यांनी व्हिब्रिओ फिशेरीचे प्रकाश देणारे लक्स जीन ई. कोलायमध्ये क्लोन केले आणि ई. कोलाय चमकायला लागला. 'कोरम सेन्सिंग' हे नाव मात्र १९९४ चं.

यंत्रणा सोपी आहे. लक्सआय हे एन्झाइम एएचएल नावाचा छोटा रेणू बनवतं, तो पेशीच्या पडद्यातून आरामात आतबाहेर करतो, पुरेसा साठला की लक्सआर प्रोटीनला चिकटतो, आणि ही जोडी लक्स प्रमोटरच्या (जीन सुरू करणाऱ्या डीएनएच्या भागाच्या) अलीकडे असलेल्या २० बेसच्या लक्स बॉक्सवर बसून प्रमोटर चालू करते. मूळ सर्किटमध्ये लक्सआय स्वतःच या प्रमोटरखाली असतो, त्यामुळे एकदा सुरू झालं की धडाधड वाढतं.

आणि हा व्हिब्रिओ फिशेरी राहतो हवाईच्या बॉबटेल स्क्विडच्या प्रकाश-अवयवात, जिथून तो स्क्विड रोज पहाटे ९० टक्क्यांच्या वर बॅक्टेरिया बाहेर टाकतो. म्हणजे निसर्गातलं मूळ सर्किटसुद्धा रोजच्या निचऱ्यात चालणारं आहे, फ्लास्कमधलं नाही.

जोडी निवडताना

सिग्नल बनवणारं एन्झाइम आणि तो ओळखणारं प्रोटीन अशा जोडीसाठी लक्स, लास, आरएचएल, ट्रा, आरपीए असे बरेच पर्याय आहेत. पहिल्यांदा करत असाल तर लक्सच घ्या, कारण सगळ्यात जास्त मोजमाप त्याचीच झालेली आहेत आणि आयजेम या सिंथेटिक बायोलॉजी स्पर्धेच्या रजिस्ट्रीमध्ये तयार पार्ट मिळतात. फक्त लक्सआर ३० अंशांच्या आसपास नीट घडी घालतो, ३७ ला त्याचं काम मंदावतं. जंत २० अंशांवर वाढवतात, त्यामुळे जंतासाठी लक्स ही जोडी आयती बसते. सस्तन प्राण्यात जायचं असेल तेव्हा हाच मुद्दा आडवा येतो.

एआय-२ या दुसऱ्या सिग्नलवर सर्किट बांधायचा मोह होतो, तो टाळा. तो सिग्नल आतड्यातले कितीतरी बॅक्टेरिया बनवतात, ई. कोलाय स्वतःसुद्धा बनवतो, मग तुमचा स्विच दुसऱ्यांची गर्दी मोजत बसणार. आरपीएचं उलटं आहे, त्याला पी-कुमॅरिक आम्ल बाहेरून मिळाल्याशिवाय सिग्नल बनवताच येत नाही, म्हणून बाहेरून लगाम ठेवायचा असेल तर तो छान पर्याय आहे. आणखी एक, ई. कोलायकडे लक्सआय नाही पण एसडीआयए नावाचा लक्सआरचा भाऊबंद आहे जो परक्या एएचएलला प्रतिसाद देतो. साध्या रिपोर्टरच्या (रंग दाखवणाऱ्या प्रोटीनच्या) कामात तो फारसा नडत नाही, पण ई. कोलायच्या स्वतःच्या जीन्सचं विश्लेषण करणार असाल तर एसडीआयए काढलेली जात घ्या.

रिसीव्हर आधी, सेंडर नंतर

इथे घाई करणारे सगळ्यात जास्त फसतात. लक्सआय, लक्सआर आणि रिपोर्टर एकाच प्लाझमिडवर टाकून थेट पूर्ण सर्किट बनवलं की काही बिघडल्यावर कुठे बिघडलं ते कळत नाही. म्हणून आधी फक्त रिसीव्हर, म्हणजे सिग्नल ओळखणारा भाग, बनवा: कायम चालू प्रमोटरखाली लक्सआर, आणि लक्स प्रमोटरखाली रंगीत प्रोटीन. रजिस्ट्रीतला बीबीए_टी९००२ हा असाच, जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनवाला. जंतासाठी मात्र जीएफपी बदलून लाल चमकणारं एमचेरी लावा, कारण पुढे येईल.

लक्सआरला त्याचा स्वतःचा मूळ प्रमोटर ठेवला असेल तर मीडियात ग्लुकोज टाकू नका, तो प्रमोटर सीआरपी या प्रोटीनवर चालतो आणि ग्लुकोजने दबतो. टेट या दुसऱ्या प्रमोटरखाली असेल तर ही कटकट नाही.

आता डोस कर्व्ह, म्हणजे किती सिग्नलला किती रंग येतो ते. ३-ऑक्सो-सी६ एएचएलचा (लक्सआय बनवतो तोच सिग्नल) स्टॉक डीएमएसओ या द्रावकात करा, छोट्या छोट्या भागांत वाटून उणे २० ला ठेवा, आणि ०.०१ नॅनोमोलरपासून १० मायक्रोमोलरपर्यंत दहापटीच्या, मधल्या भागात तिपटीच्या पायऱ्या करा. प्लेटच्या सगळ्या वेलमध्ये (खळग्यांत) डीएमएसओ सारखाच जायला हवा, शून्य डोसच्या वेलमध्येसुद्धा. काही लोक आम्लयुक्त इथाइल अॅसिटेटमध्ये स्टॉक ठेवतात, ते टिकतं छान, पण तो थेट पॉलिस्टायरीनच्या प्लेटमध्ये टाकला तर प्लास्टिकच विरघळतं आणि वेलचा तळ पांढुरका होऊन रीडिंगची वाट लागते. काचेच्या नळीत आधी पूर्ण उडवून मग मीडिया घालायचा.

मीडियाचा पीएच ७ च्या थोडा खाली बांधून ठेवा. एएचएलचं लॅक्टोन कडं अल्कलीत उघडतं. ढोबळ हिशोब असा की पीएच ७ ला अर्धा सिग्नल साधारण एका दिवसात जातो आणि पीएच ८ ला दोन-अडीच तासांतच. एलबी हा नेहमीचा मीडिया साधाच वापरला तर कल्चर दाट होताना पीएच वर सरकतो, म्हणजे नेमकं स्विच चालू व्हायच्या वेळी सिग्नल तुटायला लागतो आणि माणूस म्हणतो सर्किट कमजोर आहे. बफर घाला.

रीडिंग फ्लुरोसन्स (चमक) भागिले ओडी (कल्चरचा गढूळपणा, म्हणजे दाटीचं माप) असं काढा, आणि त्याच जातीचे रिपोर्टर नसलेले बॅक्टेरिया वजा करायला विसरू नका. निम्मा प्रतिसाद ज्या डोसला येतो तो तुमचा थ्रेशोल्ड, लक्सच्या चांगल्या रिसीव्हरमध्ये तो काही नॅनोमोलरच्या घरात असतो. हा आकडा जपून ठेवा, पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे. आणि हा कर्व्ह ३७ ला नाही, होस्टच्या तापमानाला काढा.

सेंडर किती बनवतो ते

सेंडर म्हणजे सिग्नल बनवणारा भाग. लक्सआय वेगळ्या जातीत कायम चालू प्रमोटरखाली ठेवा, वाढवा, ठराविक ओडींना नमुना घ्या, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा आणि ते रिसीव्हरवर टाकून कर्व्हवरून एएचएल किती ते वाचा. मास स्पेक्ट्रोमीटर असेल तर उत्तमच, पण नसेल तर रिसीव्हर हेच तुमचं मीटर. पाणी दहापट, शंभरपट पातळ करूनही वाचा, नाहीतर कर्व्हच्या सपाट भागात अडकाल. ई. कोलायमध्ये १ ओडी म्हणजे मिलिलिटरला साधारण ८० कोटी पेशी, हे धरून दर पेशी दर तास किती सिग्नल बनतो ते निघतं.

निचऱ्याचा हिशोब

मला विचाराल तर सगळ्या कामाचा गाभा हा आहे. स्थिर अवस्थेत सिग्नलची पातळी म्हणजे पेशींची दाटी गुणिले दर पेशी निर्मिती, भागिले निचऱ्याचा वेग. निचऱ्यात सगळं आलं: रासायनिक तुटणं, एन्झाइमने तोडणं, प्रवाहाने वाहून जाणं, ऊतीत झिरपून जाणं.

समजा फ्लास्कमध्ये निचरा तासाला ०.१ आहे आणि स्विच मिलिलिटरला १० कोटी पेशींना चालू होतो. होस्टमध्ये निचरा तासाला २ असेल तर तोच स्विच चालू व्हायला २०० कोटी लागतील. सर्किटमध्ये एक बेसही न बदलता थ्रेशोल्ड २० पट सरकला. तुमच्या बॅक्टेरियाची होस्टमधली दाटी तिथपर्यंत जातच नसेल तर तो मुकाट बसणार, यात नवल नाही.

उलटी बाजूही आहे. ई. कोलायच्या एका पेशीचं आकारमान साधारण १ फेम्टोलिटर, एवढ्याशा जागेत एक रेणू म्हणजेच साधारण १.७ नॅनोमोलर. त्यामुळे एखादी पेशी किंवा दहा-वीस पेशींचा पुंजका अशा खाचेत अडकला जिथून सिग्नल बाहेर पडत नाही, तर कोरम वगैरे काही नसताना स्विच चालू होतो. होस्टमध्ये अशा खाचा भरपूर असतात. म्हणून सरासरी दाटी हा आकडा एकटा फसवा आहे, पुंजके दिसायला हवेत, म्हणजे मायक्रोस्कोपला पर्याय नाही.

थ्रेशोल्ड खाली आणायचा असेल तर लक्सआयचा आरबीएस (प्रोटीन किती बनेल ते ठरवणारा जीनसमोरचा तुकडा) दमदार करा किंवा लक्सआर वाढवा. वर न्यायचा असेल तर लक्सआयचा आरबीएस कमजोर करा, त्याला एलव्हीए टॅग लावा म्हणजे पेशी ते प्रोटीन लवकर तोडते, किंवा थोडासा एआयआयए घाला, हे बॅसिलसमधलं एन्झाइम एएचएल तोडतं. मला एआयआयएचा मार्ग जास्त आवडतो, कारण त्याने निचऱ्याचा एक भाग तुमच्या हातात येतो आणि होस्टच्या लहरीवर थोडं कमी अवलंबून राहावं लागतं. २०१० मध्ये डॅनिनो आणि सहकाऱ्यांनी लक्सआय आणि एआयआयए दोन्ही लक्स प्रमोटरखाली लावून पूर्ण वसाहत एका तालात चालू-बंद होताना दाखवली होती, आणि त्यातही मायक्रोफ्लुइडिक चिपमधल्या प्रवाहाचा वेग बदलला की ताल बदलायचा. तेच, निचरा.

पूर्ण सर्किट आणि त्याच्या सोबतच्या जाती

आता सेंडर-रिसीव्हर एकत्र करा. पॉझिटिव्ह फीडबॅक, म्हणजे लक्सआयही लक्स प्रमोटरखाली, ठेवायचा का? ठेवला तर स्विच कडक होतो, पण प्रमोटर बंद असतानाही थोडा गळतो आणि ती गळतीच फीडबॅकला पेटवते. पहिल्या वेळी लक्सआय कायम चालू ठेवून बघा, फीडबॅक नंतर.

एकटं पूर्ण सर्किट घेऊन होस्टकडे जाऊ नका. सोबत लक्सआय नसलेली जात हवी, लक्सआर नसलेली हवी, लक्सआय नसलेली पण बाहेरून एएचएल दिलेली हवी, आणि भरपूर एआयआयए बनवणारी पण रिपोर्टर नसलेली एक जात हवी जिचा उपयोग लगेच कळेल.

फ्लास्कमध्ये तपासताना एक गोष्ट हमखास चुकते. रात्रभर वाढवलेलं कल्चर आधीच चालू अवस्थेत असतं, त्यात एएचएलही भरलेला असतो आणि रंगीत प्रोटीनही. ते शंभरपट पातळ करून लगेच मोजायला सुरुवात केली की शून्य मिनिटाला स्विच चालू दिसतो. दोनदा सब-कल्चर करा, दोन्ही वेळा ओडी ०.१ च्या वर जाऊ न देता, मधे एकदा पेशी धुऊन घ्या, मग खरी सुरुवात.

प्लाझमिडचंही बघा. होस्टच्या आत अँटिबायोटिकचा दाब ठेवता येत नाही, आणि हाय-कॉपी (पेशीत ज्याच्या खूप प्रती असतात अशा) प्लाझमिडवरचं लक्सआय-एमचेरी म्हणजे पेशीला ओझं, ते फेकून देणारे आणि लक्सआय मोडून बसलेले म्युटंट भराभर वाढतात. थोड्या तासांचा प्रयोग असेल तर लो-कॉपी चालेल, दिवसांचा असेल तर सर्किट गुणसूत्रात घाला, त्यासाठी टीएन७ ही गुणसूत्रातली ठरलेली जागा सोयीची आहे.

जंताच्या आत

सी. एलेगन्सचं नेहमीचं खाणं म्हणजे ई. कोलाय ओपी५०, म्हणून सर्किट ओपी५० मध्येच घालून खाऊ घालता येतं. जंत ज्यावर वाढवतात त्या एनजीएम प्लेटचा पीएच ६ असतो, एएचएल टिकायला उत्तम. पण तरुण, निरोगी जंताच्या घशात एक चक्की असते जी बॅक्टेरिया भरडून टाकते, आतड्यात जिवंत पेशी फार कमी पोचतात. वय वाढलं की चक्की ढिली पडते आणि बॅक्टेरिया साठायला लागतात. वाट बघायची नसेल तर पीएचएम-२ म्युटंट घ्या, त्याची चक्की मुळात सदोष असते.

एमचेरी का, ते आता. जंताच्या आतड्यातले कण निळ्या-हिरव्या प्रकाशात स्वतःच चमकतात, त्यावर जीएफपी शोधणं म्हणजे डोकेदुखी. शिवाय आतडं पुढून मागे जाताना चांगलंच आंबट होत जातं आणि आम्लात जीएफपी मंदावतो, म्हणजे मागच्या भागात स्विच चालू असूनही काळोख दिसेल. एमचेरी आम्लात टिकतो. तरीही नुसतं साधं ओपी५० खाल्लेले त्याच वयाचे जंत प्रत्येक वेळी सोबत ठेवा, लाल चॅनलमध्येही पार्श्वभूमी शून्य नसते.

आता सगळ्यात मोठा सापळा. प्लेटवरच्या बॅक्टेरियाच्या दाट थरात स्विच आधीच चालू झालेला असतो, अगारमध्ये एएचएल मुरलेला असतो, आणि जंत तेच खातो. मग आतड्यात लाल दिसलं म्हणजे तिथे कोरम झाला असं अजिबात नाही, तो लाल रंग ताटातूनच आलेला असू शकतो. यावर उपाय असा: खाऊ घातल्यावर जंत एम९ बफरमध्ये दोन-तीनदा धुवा, मग एआयआयए जातीच्या ताज्या थरावर हलवा, तिथे बाहेरचा सिग्नल तुटत राहतो. रिपोर्टरला एलव्हीए टॅग लावलेला असेल तर जुना रंग काही तासांत उतरतो आणि उरतो तो आतच तयार होत असलेला. टॅग नसेल तर एमचेरी फार टिकाऊ आहे, जुनं-नवं वेगळं करताच येणार नाही.

जंत साधारण दर ४५ ते ५० सेकंदांनी शौच करतो. म्हणजे मोकळ्या द्रवातला सिग्नल सारखा बाहेर फेकला जातो, आणि भिंतीला चिकटलेल्या पुंजक्यांत मात्र साठत राहतो. त्यामुळे चित्र बहुतेक ठिपक्याठिपक्यांचं येतं, एका ठिकाणी लाल गाठ आणि शेजारी तेवढेच बॅक्टेरिया असून काळोख. पूर्ण जंताची सरासरी चमक काढली की हे सगळं पुसलं जातं, म्हणून अगारोजच्या पातळ पॅडवर लेव्हामिसोलने लुळे करून प्रत्येक जंताचे पुढचा, मधला, मागचा असे तीन भाग वेगळे मोजा.

संख्या मोजायला जंत बर्फावर गार करा म्हणजे घसा थांबतो, मग पातळ ब्लीचने बाहेरून स्वच्छ करा, बफरने नीट धुवा, भरडा आणि अँटिबायोटिक असलेल्या व नसलेल्या अशा दोन्ही प्लेटवर पसरा. दोन्हींतला फरक म्हणजे किती पेशींनी प्लाझमिड टाकलं. शेवटच्या धुण्याचं पाणीही पसरून बघा, त्यात वसाहती आल्या तर तुम्ही आतडं नाही, कातडी मोजताय.

निकाल वाचताना: लक्सआय नसलेली जात काळी (म्हणजे न चमकणारी), बाहेरून एएचएल दिल्यावर लाल, आणि पूर्ण सर्किट एआयआयए थरावर हलवल्यावरही गाठींमध्ये लाल, असं तिन्ही जुळलं तरच आत स्विच चालतोय म्हणा. बाहेरून एएचएल देऊनही काळोख असेल तर भानगड रिसीव्हरची आहे, दाटीची नाही, मागे जा.

सस्तन प्राण्याकडे जाताना काय बदलतं

इथे थोडक्यात, कारण हा वेगळा आणि परवानग्यांनी भरलेला रस्ता आहे. मोठ्या आतड्यात ऑक्सिजन जवळपास नसतो, आणि एमचेरी काय जीएफपी काय, ऑक्सिजनशिवाय रंग धरत नाहीत. तिथे फ्लेविनवर चालणारी रंगीत प्रोटीनं किंवा काढलेल्या नमुन्यातला आरएनए मोजावा लागतो. शरीरात पॅराऑक्सोनेज नावाची एन्झाइम्स एएचएलचं लॅक्टोन कडं तोडतात, म्हणजे निचऱ्यात नवीन भर. तापमान ३७, म्हणजे लक्सआरचा प्रश्न. निस्सल १९१७ ही प्रोबायोटिक जात सगळ्यांच्या आवडीची आहे, पण तिच्यात कोलिबॅक्टिन बनवणारे जीन आहेत जे डीएनएला इजा करतात, ते निष्क्रिय केलेली जातच घ्या.

हा स्विच सस्तन प्राण्यात सगळ्यात चांगला चाललाय तो ट्यूमरमध्ये, कारण तिथे बॅक्टेरिया दाटीने साठतात आणि निचरा कमी असतो. २०१६ मध्ये डिन आणि सहकाऱ्यांनी उंदरांत ठराविक दाटीला फुटून औषध सोडणारे बॅक्टेरिया दाखवले, आणि २०१९ मध्ये चौधरी व सहकाऱ्यांनी तशाच सर्किटने ट्यूमरच्या आत सीडी४७ (ट्यूमरच्या पेशींवरचं एक प्रोटीन) विरुद्धचा नॅनोबॉडी, म्हणजे छोटी अँटिबॉडी, सोडला. दोन्ही ठिकाणी जागाच अशी निवडलीय की हिशोब स्विचच्या बाजूने झुकतो.

शेवटची पायरी लोक टाळतात ती अशी: होस्टमधून परत मिळालेल्या वसाहतींपैकी काही, लाल आणि काळ्या दोन्ही, उचलून लक्सआय आणि प्रमोटरचा भाग सिक्वेन्स करा आणि त्यांचा डोस कर्व्ह पुन्हा काढा. काळ्या वसाहतींचा लक्सआय शाबूत असेल तर तो निचऱ्याचा परिणाम, मोडलेला असेल तर उत्क्रांतीचा, आणि दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे. ग्लिसरॉल स्टॉक करून ठेवा, बाकी सगळं, धुण्याच्या पाण्यासकट, ऑटोक्लेव्हमध्ये.